पलीकडच्या वर्गाचा धडा

आमच्या शाळेत इयत्ता पाच, खोल्या दोन आणि शिक्षक दोन. त्यातले एक मुख्याध्यापक. म्हणजे मीटिंग निघाली, खानापुरात कसला तक्ता द्यायचा असला, बँकेत सही करायची असली की शिक्षक एक. हे ऐकून शहरातले नातेवाईक हळहळतात. "मग पोरं शिकतात कधी?" असं विचारतात. उत्तर देताना माझी थोडी पंचाईत होते. पोरं शिकतात, आणि बऱ्याचदा त्यांना कुणी शिकवत नसताना शिकतात, हे शिक्षण खात्यातल्या बाईनं कसं सांगायचं?

शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्यावरून आत वळलं की. सरकारी मराठी प्राथमिक शाळा. फलकावर वरची ओळ कन्नडात, खालची मराठीत. पट तिसाच्या आसपास. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कायदा डोकी मोजतो, इयत्ता मोजत नाही. तीस मुलं एकाच इयत्तेतली असती तर मी राणीसारखं शिकवलं असतं. आमची तीस पाच इयत्तांत विखुरलेली आहेत. एका वर्षी तिसरीत फक्त दोनच होती, आणि त्यातला एक सुगीला हटकून गायब. मग एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरी आणि दुसऱ्या खोलीत चौथी-पाचवी अशी मांडामांड आहे. मधल्या भिंतीला दाराची चौकट आहे, चौकटीला दार नाही. कधी काळी होतं म्हणतात, वाळवीनं खाल्लं. मुख्याध्यापक नसले की मी त्या चौकटीत उभी राहते. एक पाय इकडं, एक तिकडं.

गेल्या वर्षीची एक वजाबाकी सांगते. बेचाळीसातून सतरा. चौथीतल्या एकाला फळ्याजवळ बोलावलं होतं. त्यानं वर 42, खाली 17, त्याखाली रेघ असं नीट मांडलं आणि उत्तर लिहिलं 35. प्राथमिकच्या कुठल्याही शिक्षकाला ही चूक झोपेतसुद्धा ओळखता येईल. दोनातून सात जात नाहीत, मग पोरगं सातातून दोन काढतं आणि मोकळं होतं. मी तोंड उघडायच्या आत चौकटीतून आवाज आला. दुसरीतली एक मुलगी हातातले मणी तसेच घेऊन उभी होती.

"दोनातनं सात जातंय काय रे? शेजारच्या चाराकडनं एक मागून घे की!"

चौथीवाला लाजला नाही, वैतागला. "मागितलं तर त्येच्याकडं किती ऱ्हायलं?"

"तीन."

"आन् माझ्याकडं किती झालं?"

इथं ती अडली. तिच्या अभ्यासात ही पायरी अजून बरीच लांब होती. चौथीच्या आधीच्या तासांतून तिनं 'मागून घ्यायचं' एवढंच उचललं होतं. मागितलेला एक आपल्या घरात आला की दहा होतो, हा भाग निसटला होता. तो नेमका चौथीवाल्याला माहीत होता. "दहा गं, दहा. दहा आन् दोन बारा," असं तिच्यावर खेकसत त्यानं 35 पुसलं आणि 25 लिहिलं. दोघांकडं अर्धी अर्धी वजाबाकी होती. मी खडूही उचलला नव्हता.

असं रोज होत नाही. रोज झालं असतं तर सरकारनं मला पगार कशाला दिला असता? पण ही गोष्ट एकदा ध्यानात आल्यावर मी वर्गाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मोठ्या शाळेत मूल एक धडा एकदा ऐकतं. समजला तर समजला, नाही तर पुढचा धडा. आमच्याकडं तोच धडा त्याच्या कानावर आधी पडतो, मग त्याची पाळी येते तेव्हा पडतो आणि पाळी संपल्यावरही पुन्हा पडतो. पहिलीतल्या पोराला 'भागाकार' हा शब्द कळत नाही, पण भागाकारात शेवटी काहीतरी उरतं आणि ते बाजूला लिहितात, हे त्याला ठाऊक असतं. तिसरीत गेल्यावर भागाकार त्याला परका वाटत नाही.

त्याहून मोलाची गोष्ट मागं राहिलेल्यांची. चौथीत येऊनही ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही, असं एखादं मूल प्रत्येक शाळेत असतं. त्याला परत पहिलीचं पुस्तक हातात दिलं तर त्याची मान खाली जाते. आमच्याकडं मी त्याला म्हणते, "जा रे, पहिलीवाल्यांची कार्डं जरा वाचून घे." तो ऐटीत जातो. लहानग्यांसमोर कार्ड धरतो, त्यांच्याकडून वदवून घेतो आणि स्वतः शिकतो. आपण शिकायला आलोय हे त्याला कळतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं कळतं. पण आम्ही दोघंही तसं दाखवत नाही.

ही कार्डं नली-कलीची. 1995 च्या सुमाराला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात काही शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळांतली पद्धत पाहून हे सुरू केलं आणि पुढं ते राज्यभर पसरलं. पहिली ते तिसरी एकत्र बसवायची, अभ्यासाचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याला चित्राचं एक कार्ड, आणि भिंतीवर शिडी. आपण शिडीच्या कुठल्या पायरीवर आहोत ते मुलानं स्वतः बघायचं. बसायचे गट पाच: पहिल्याला शिक्षकाची पूर्ण मदत, पुढं ती कमी कमी होत जाते, पाचव्या गटातलं मूल आपलं आपण करतं. डोक्यावर तारा ताणलेल्या असतात, त्याला म्हणायचं छप्पर, त्यावर पोरांची चित्रं लटकतात. पद्धत चांगली आहे, मी मनापासून सांगते. ती मांडली तीही एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढं ठेवूनच. तरी दोन तक्रारी आहेत. कार्डं हरवतात, ती मिळवताना नाकी नऊ येतात. आणि चौथीत पाऊल टाकलं की शिडी, गट, छप्पर सगळं संपतं. काल गोल बसून आपल्या चालीनं शिकणारं पोर आज रांगेत बसून 'धडा पहिला' काढतं. चौकटीला दार नसल्यामुळं आमच्याकडं हा धक्का जरा कमी बसतो. चौथीतली पोरं पहिले दोन महिने संधी मिळेल तेव्हा शिडीखाली जाऊन बसतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांच्यात आमच्याकडं चांगलं अंतर आहे. या भागातल्या मराठीत कोकणी मिसळलेली, गवळीवाड्यावरची बोली आणखी निराळी. कुणाची आई बैलहोंगलकडची असली तर घरात कन्नड. बाप गोव्याला कामाला असला तर महिन्याकाठी तो घेऊन येतो ती हिंदी. पहिलीत मूल येतं तेव्हा 'प्रमाण मराठी' हीसुद्धा त्याच्यासाठी शाळेतच भेटणारी गोष्ट असते. त्यात 2007-08 पासून पहिलीपासून इंग्रजी. आणि 2015 च्या कायद्यानंतर, 2017-18 पासून टप्प्याटप्प्यानं, कन्नडही पहिलीपासून. सहा वर्षांच्या जिवाला केवढं हे!

गवळीवाड्यावरून येणारा एक मुलगा होता. वाडा जंगलाच्या कडेला, म्हशींचा गोठा आणि घर एकाच छपराखाली. अस्वलाच्या भीतीनं मोठ्या भावंडाबरोबरच यायचा. पहिलीत नाव घातल्यापासून तो बोललाच नाही. हजेरीला हात वर करायचा, तोंड नाही. सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे खात्याचे साधनव्यक्ती, भेटीला आले तेव्हा म्हणाले, कान तपासून घ्या. मी घेतले, कान उत्तम. त्याची एक सवय मात्र माझ्या लक्षात आली होती. आपल्या गटाकडं पाठ करून, तोंड चौकटीकडं करून तो बसायचा. चित्र रंगवायला दिलं तरी हात कागदावर आणि डोळे पाचवीच्या फळ्यावर.

सुगी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. पलीकडं चौथी-पाचवीचा परिसर अभ्यास चालला होता, पाळीव प्राणी. मी बोलता बोलता विचारलं, म्हैस गाभण राहिल्यापासून वितेपर्यंत किती दिवस लागतात? पुस्तकात हे नव्हतं, मला आपली हुक्की आली. पाचवीतली पोरं अंदाज मारायला लागली. सहा महिने. वर्ष. एकानं बकरीचा हिशोब लावला. तेवढ्यात चौकटीतून, अगदी सहज, मोठ्या माणसाच्या आवाजात उत्तर आलं, "धा म्हैनं. वर धा दिस." सगळ्या माना वळल्या. मी पुस्तकं उघडून बघितलं नाही, त्याच्या आजाला विचारलं, आणि पशुवैद्य भेटले तेव्हा त्यांनाही. तीनशे दहा दिवसांच्या आसपास, दोघांनीही सांगितलं.

गोष्टीत असतं तसं त्या दिवसापासून तो घडाघडा बोलायला लागला नाही. पुढं कित्येक दिवस पुन्हा गप्पच. पण आता त्याच्या गप्प बसण्याची मला काळजी वाटेना. तो वर्गात होता, फक्त माझ्या हजेरीत लिहिलेल्या वर्गात नव्हता.

कन्नडचं असंच. तास मी घेते, माझं कन्नड नोकरीत लागल्यावर शिकलेलं. पुस्तकातून मी शिकवते तेवढं फार नाही. पोरांना येतं ते बसच्या पाटीवरून, कंडक्टरच्या तोंडून, रेशन दुकानाच्या फलकावरून, रोज प्रार्थनेत म्हटल्या जाणाऱ्या नाडगीतावरून, म्हणजे राज्यगीतावरून. पाचवीतली एक मुलगी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची हेस्कॉमची, म्हणजे विजेची, बिलं वाचून देते. किती युनिट, शेवटची तारीख कुठली, गेल्या महिन्याची बाकी आहे का, सगळं. बदल्यात तिला भडंग मिळतं. परीक्षेत तिला कन्नडात बेताचेच गुण पडतात, कारण परीक्षा कवितेचा भावार्थ विचारते आणि विजेचं बिल कवितेत लिहीत नाहीत.

पाढे तर दोन्ही भाषांत चालतात. कन्नडात पाढ्यांना मग्गी म्हणतात, त्यामुळं पहिल्या दिवशी हमखास हसू. पण 'एरडोंदले एरडु, एरडेरडले नाल्कु' याला ठेका असा आहे की पलीकडं मोठी पोरं म्हणत असली की इकडं चित्रं काढणारी पहिलीसुद्धा मान हलवते. अर्थ कळायच्या आधी चाल बसते. आमच्या भागातल्या पोरांना याचं नवल नाही. पारायणाच्या आठवड्यात चार वर्षांची पोरं टाळ धरून अभंग म्हणतात, त्यातला किती शब्द कळतो?

सीमाप्रश्नाविषयी लिहिलं नाही तर वाचक विचारतील, म्हणून थोडं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच, म्हणजे आताच्या महाराष्ट्रात, राहिला. 1 नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव असतो, गावात त्याच दिवशी काळा दिन पाळणारी माणसं असतात, आणि दोन्हीकडं हजर असलेली पोरं दुपारी एकत्र क्रिकेट खेळतात. मी सरकारी नोकर आहे, मत घरी ठेवते. पण चंदगडचा एक फायदा सांगायलाच हवा. अर्ध्या गावाचं आजोळ तिकडं आहे. तिथल्या भावंडांची पुस्तकं बालभारतीची, आमची कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची. महाराष्ट्रात चौथीला इतिहासात पूर्ण शिवाजी महाराज असतात, आमच्या चौथीला तसं नाही. सुट्टीत आजोळी गेलेली पोरं मामाच्या पोराचं पुस्तक वाचून काढतात आणि परत आल्यावर मला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारतात. एकानं तर पुस्तकच उचलून आणलं होतं. मामीचा निरोप आला तेव्हा परत पाठवलं, तोवर चौथी-पाचवीनं ते आळीपाळीनं घरी नेऊन वाचून काढलं होतं. त्या पुस्तकाची चाचणी नाही, गुण नाहीत, तक्त्यात रकाना नाही. एवढ्या आवडीनं वाचलेलं दुसरं पुस्तक मला आठवत नाही.

आता जेवणाकडं येते, कारण आमचं सगळ्यात चांगलं गणित स्वयंपाकघरात चालतं. अक्षर दासोहमध्ये, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेत, पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम धान्य. स्वयंपाकाच्या अक्का सकाळी हजेरी झाली की खिडकीतून ओरडतात, "कितीऽऽ?" कुणीतरी आकडा सांगतं आणि दुसऱ्या क्षणी कुणीतरी किलोही सांगतं. एकतीस, म्हणजे तीन किलो शंभर ग्रॅम. मी हे शिकवलेलं नाही. शंभरानं गुणायचं म्हणजे काय हे पहिलीच्या पोरांना तांदळानं शिकवलं. दूध मात्र कठीण. 1 ऑगस्ट 2013 ला क्षीरभाग्य योजना सुरू झाली तेव्हापासून माणशी 150 मिली. एकतीस गुणिले दीडशे तोंडी होत नाही. पाचवीतल्या एकानं युक्ती काढली: आधी शंभरानं करायचं, मग त्याचं निम्मं मिळवायचं. 3100 आणि 1550, म्हणजे 4 लिटर 650. ती युक्ती दोन दिवसांत तिसरीपर्यंत खाली आली. अक्कांना या हिशोबाची काही गरज नसते, त्यांचं माप डोळ्यात बसलेलं आहे. पण पोरांनी आकडा चुकवला की त्या मुद्दाम म्हणतात, "एवढंच? मग आज तुमी उपाशी." आणि पोरं धावत येऊन पुन्हा गुणाकार करतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी या व्यवस्थेच्या प्रेमात आहे. त्यांनी आमच्याकडं जुलैत यावं.

कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्यानं बघितलेला नाही त्याला सांगून समजणार नाही. मलप्रभेचा उगम तिथलाच. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस कोसळतो. लहान खोली कौलारू आहे, तिथं निदान ओरडून ऐकू जातं. मोठ्या खोलीवर पत्रे घातलेत. पत्र्यावर एकदा सर धरली की मी दोन हातांवरून बोललेलं समोरच्या बाकाला ऐकू जात नाही, मग पलीकडच्या खोलीचं नावच नको. कानावर उभी असलेली आमची शाळा एका सरीत मुकी होते. खोळी आणि प्लास्टिक भिंतीला टांगलेली, जमीन ओली, छपराच्या तारेवरची चित्रं दमटपणानं लोंबायला लागलेली. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात ते दिवस बरे. ओढ्याला पाणी आल्यावर गवळीवाड्याची पोरं तशीही येऊ शकत नाहीत.

शाळा भरते त्या दिवशी मग लिहिणं. फळ्यावर उदाहरण, वहीत उत्तर. शुद्धलेखन. नकाशा. आणि इथं माझे डोळे उघडतात. बाराही महिने जी पोरं ठणठणीत आवाजात पाढे म्हणतात, त्यातली काही सतराचा पाढा लिहायला दिला की सहाव्या ओळीला थांबतात. ती समूहात म्हणत होती, शेजाऱ्याच्या अर्ध्या अक्षराच्या मागून. कानानं शिकलेल्याची ही खोट आहे. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला येतं, शिकवणाऱ्यालाही वाटतं त्याला येतं, आणि सगळ्यांचा सूर एक झाल्यावर कुणाचा रिकामा आहे ते समजत नाही. पावसाळ्याच्या वह्या मी जपून ठेवते. एफए-1 च्या, म्हणजे वर्षातल्या पहिल्या चाचणीच्या, गुणांपेक्षा त्यातून मला जास्त कळतं. ज्याचं पान कोरं, त्याला सप्टेंबरपासून मी समूहाच्या बाहेर काढते आणि एकट्यानं म्हणायला लावते. त्याला ते अजिबात आवडत नाही.

दुसरी खोट पाचवीची. सगळ्यात वरच्या इयत्तेला पलीकडं ऐकायला काही नसतं. ती खाली देते, तिला वरून कोण देणार? हुशार पोर पाचवीत कंटाळतं. त्यासाठी मी सहावीची जुनी पुस्तकं आणून कपाटात ठेवली आहेत, मुद्दाम कुलूप न लावता.

गेल्या उन्हाळ्यात शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत दाराचा विषय निघाला. अध्यक्षांनी चांगल्या मनानं सुचवलं. "टीचर, हिकडचा गलका तिकडं, तिकडचा हिकडं. पोरांचं ध्यान कसं लागंल? देणगीत एक फळी बसवूया की." मंडळी होय म्हणाली. मुख्याध्यापकांनाही पटलं होतं, भेटीला येणारे अधिकारी गलक्यावर शेरा मारतात. मी वजाबाकीची गोष्ट सांगितली, गवळीवाड्याच्या मुलाची सांगितली. म्हशीच्या गोष्टीला सगळे हसले, त्याचा आजा तिथंच बसला होता. तरी पटलं असं नाही. शेवटी देणगीचे पैसे मोठ्या खोलीच्या पत्र्याखाली आच्छादन घालायला वापरायचे ठरलं, म्हणजे पावसात आवाज कमी होईल. दाराचा विषय 'पुढील बैठकीत' असं इतिवृत्तात लिहिलं आहे. खात्यात 'पुढील बैठकीत' म्हणजे काय ते जाणकारांना सांगायला नको.

बाकी पटाचं काय होणार, ते मात्र दारावर अवलंबून नाही. सकाळी साडेआठला रस्त्यावर पिवळी व्हॅन येते आणि इंग्रजी माध्यमाची पोरं घेऊन जाते. टाय, बूट, पाठीवर भलं मोठं दप्तर. दाखल करायला घरोघरी फिरते तेव्हा आया स्पष्ट बोलतात. एकीनं मला चहा दिला आणि म्हणाली, "तुमी चांगलं शिकवताय टीचर, खरं तुमच्याकडं तिच्या वर्गात दोघीच. तिला सोबत कोण?" मी म्हटलं, सोबत तीस जण आहेत. ती म्हणाली, "ते वेगळं." तिचं चुकतंय असं मला म्हणता आलं नाही. आपल्या वयाच्या, आपल्याच चुका करणाऱ्या मैत्रिणी पोरीला हव्यात, ही मागणी रास्त आहे. तिनं थोरलीला व्हॅनमध्ये बसवलं आणि धाकट्याचं नाव आमच्याकडं घातलं. दोघांचं मिळून बरं चाललंय. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, व्हॅनवाल्या शाळेला सुट्टी असते. थोरली भावाला सोडायला म्हणून येते आणि चौकटीत बसून राहते. तिला घालवायचा मला अधिकार आहे, पण ती पहिलीवाल्यांना इंग्रजी कविता हातवारे करून शिकवते. मी शिकवते त्यापेक्षा बरं शिकवते.

पाचवी झाली की आमची पोरं रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत जातात. तिथं आठवीपर्यंत वर्ग, प्रत्येक वर्गाला खोली, खोलीला दार. मागच्या जूनमध्ये तिथल्या एका शिक्षकांचा फोन आला. आमच्याकडून सहावीला गेलेल्या मुलाविषयी तक्रार होती.

"तासाला बसतो खरा, पण सारखा खिडकीकडं कान. पलीकडं सातवी बसते. काल मी इतिहास शिकवत होतो, तिकडं कुणीतरी अपूर्णांक विचारला आणि यानं इथनं मोठ्यानं उत्तर दिलं."

"बरोबर होतं का?" मी विचारलं.

"बरोबर होतं हो, तो प्रश्न नाही. मी त्याला खिडकीजवळनं उठवून दुसऱ्या भिंतीला बसवलाय."

"मग आता ठीक?"

"कसलं ठीक! त्या भिंतीपलीकडं आठवी आहे."